प्रमाणकांचा प्रवास आणि उचलीचा करार : आंतरराष्ट्रीय संबंधांतील प्रमाणक-सिद्धांताची ऊसतोड मजुरांच्या संदर्भात चिकित्सा

बीजसंज्ञा : सामाजिक प्रमाणके, आंतरराष्ट्रीय श्रम-मानके, उचल, कोयता, कर्जवेठ, ऊसतोड मजूर, बीड जिल्हा

1. प्रस्तावना

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, अहिल्यानगर-बीड मार्गावरील मोठे गाव आहे. दसरा-दिवाळीचा सुमार आला की या परिसरातील वाड्या-वस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व उत्तर कर्नाटकाकडे निघतात आणि गाळपाचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, गावी परततात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतही हेच चित्र दिसते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील हलकी जमीन, अपुरा पाऊस आणि 1972 च्या दुष्काळानंतर अधिकच रूढ झालेले हंगामी स्थलांतर यांविषयी आजवर बरेच लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन अर्थशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या अंगाने झालेले आहे. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचा आणि आष्टी तालुक्यातील टोळीचा काही संबंध असेल, असे सहसा गृहीत धरले जात नाही.

तथापि तो संबंध आहे. ऊसतोडणीच्या व्यवहाराला लागू पडतील अशी श्रमविषयक, स्त्री-पुरुष समतेविषयक आणि व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय प्रमाणके गेल्या शतकात निर्माण झाली व त्यांतील बहुतेकांना भारताने मान्यता दिली. तरीही फडातील व्यवहार ज्या संकेतांवर चालतो ते संकेत फारसे बदलले नाहीत. हे का घडले, या प्रश्नाचे उत्तर आंतरराष्ट्रीय संबंधांतील प्रमाणक-सिद्धांत कितपत देऊ शकतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

2. प्रमाणक-सिद्धांताची मांडणी

समाजातील आचरणाचे जे अलिखित वा लिखित निकष योग्य-अयोग्य ठरवितात त्यांना समाजशास्त्रात प्रमाणके म्हटले जाते. विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी 1906 मध्ये लोकरीती व लोकनीती असा भेद करून या चर्चेचा पाया घातला. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात मात्र दीर्घकाळ सत्ता आणि हितसंबंध याच संकल्पनांचे वर्चस्व राहिले. शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर रचनावादी अभ्यासकांनी हे वर्चस्व प्रश्नांकित केले. राज्ये केवळ बळाचा हिशेब करून वागत नाहीत, तर 'आपल्यासारख्या राज्याने कसे वागावे' याविषयीच्या सामायिक कल्पनाही त्यांचे वर्तन घडवितात, असे प्रतिपादन त्यांनी केले.

मार्था फिनेमोर आणि कॅथरीन सिकिंक यांनी 1998 मध्ये प्रमाणकाच्या जीवनचक्राची मांडणी केली. या मांडणीत तीन अवस्था आहेत. प्रथम काही पुढाकार घेणाऱ्या व्यक्ती व संघटना नवे प्रमाणक मांडतात. पुरेशा राज्यांनी, साधारणतः एक-तृतीयांश राज्यांनी, त्याचा स्वीकार केल्यावर त्याचा झपाट्याने प्रसार होतो. अखेरीस ते इतके अंगवळणी पडते की त्याविषयी वादच उरत नाही. त्याच वर्षी मार्गारेट केक व सिकिंक यांनी असे दाखवून दिले की, स्वतःच्या राज्यात दाद न मिळालेले गट परदेशी संघटनांकडे जातात आणि तेथून निर्माण झालेला दबाव बूमरँगप्रमाणे त्या राज्यावर परत येतो. अमिताव आचार्य यांनी 2004 मध्ये या चित्रात महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. बाहेरचे प्रमाणक जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. स्थानिक मंडळी आपल्या पूर्वीच्या समजुतींशी जुळवून त्याला नवे रूप देतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

या तिन्ही मांडण्यांनी अभ्यासाला नवी दिशा दिली, हे निर्विवाद आहे. परंतु राज्याने स्वाक्षरी केली, कायदा केला, अधिकारी प्रशिक्षित केले की प्रमाणक समाजात उतरण्याच्या मार्गाला लागले, असे जीवनचक्राच्या मांडणीत बहुतांशी गृहीत धरले जाते. स्वाक्षरी आणि आचरण यांच्यामधील टप्पा तेथे फारसा तपासला जात नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात नेमका हाच टप्पा निर्णायक ठरतो.

3. फडातील प्रमाणके : उचल, कोयता आणि खाडा

ऊसतोडीचा व्यवहार तीन संकेतांवर उभा आहे. पहिला संकेत उचलीचा. हंगामापूर्वी कारखान्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेकडून मुकादमाला रक्कम मिळते व मुकादम ती टोळीतील मजुरांना आगाऊ वाटतो. पावसाळ्यातील घरखर्च, आजारपण, लग्नकार्य या रकमेतून भागते आणि ती हंगामभराच्या श्रमातून फेडायची असते. दुसरा संकेत कोयत्याचा. येथे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हटले जाते. तिसरा संकेत खाड्याचा. कामावर न आलेल्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय दंडही हिशेबात धरला जातो.

हे तीनही संकेत परंपरेचे अवशेष आहेत असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. साखर कारखानदारी हा आधुनिक उद्योग आहे. प्रवरानगर येथे 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे पसरले. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखरेचे प्रमाण घटते. म्हणून ठराविक काळात, अखंडपणे आणि रात्री-अपरात्रीही ऊस तोडून वाहनात भरणारा मजूरवर्ग कारखान्याला लागतो. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहायच्या, या कामाच्या विभागणीला पती-पत्नीची जोडी सोयीची ठरली. कोयता हे एकक अशा रीतीने औद्योगिक गरजेतून घडले आणि विवाहसंस्थेने त्याला आयता आधार पुरविला.

त्याचे परिणाम विवाहाच्या वयावर झाले. जोडी झाल्याखेरीज पूर्ण उचल मिळत नाही आणि आई-वडील फडात गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे 44 टक्के होते. बालविवाहविरोधी कायदा या देशाला नवा नाही. 1891 चा संमतिवयाचा कायदा, 1929 चा शारदा कायदा, 1978 ची दुरुस्ती आणि 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा अशी त्याची दीर्घ परंपरा आहे. संमतिवयाच्या वादात महाराष्ट्रातील सुधारक व सनातनी यांनी धर्म आणि परकीय राज्याचा हस्तक्षेप या भाषेत युक्तिवाद केले होते. आष्टी-पाटोद्यातील आजच्या बालविवाहाची भाषा बव्हंशी तशी नाही. तेथे कायद्याचे तत्त्व सहसा कोणी नाकारत नाही. ते पाळणे परवडत नाही, असे सांगितले जाते.

4. स्वाक्षऱ्यांचा इतिहास

आंतरराष्ट्रीय श्रम-मानकांच्या इतिहासात भारत आरंभापासून सहभागी आहे. 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली तेव्हा पारतंत्र्यात असूनही भारत तिचा संस्थापक सदस्य होता. त्या वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधित्व मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक ना. म. जोशी यांनी केले. सक्तीच्या श्रमाविषयीच्या 1930 च्या करारास भारताने 1954 मध्ये, समान वेतनाच्या 1951 च्या करारास 1958 मध्ये आणि बालश्रमविषयक दोन मूलभूत करारांस 2017 मध्ये मान्यता दिली. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारी निषिद्ध ठरविली, 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलन कायदा झाला. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांविषयीच्या निवाड्यात, आर्थिक निकडीपोटी किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करावे लागणारे काम हेही सक्तीचे श्रमच होत, असा व्यापक अर्थ लावला. कागदावर पाहता फिनेमोर-सिकिंक यांच्या तिन्ही अवस्था येथे पूर्ण झालेल्या दिसतात.

प्रत्यक्षात प्रत्येक नियमाला फडाच्या बांधावर अडविणारी एकेक कायदेशीर फट होती. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 2025 पर्यंत, नव्या श्रम संहिता लागू होईपर्यंत, अस्तित्वात होता. परंतु बीडहून कोल्हापूर वा सांगलीला जाणारा मजूर राज्याची सीमा ओलांडत नसल्याने त्याच्या कक्षेत येत नव्हता. तोच मजूर बेळगावकडे गेला तर येऊ शकत होता. समान वेतनाच्या तत्त्वाची गत अधिक उद्बोधक आहे. मजुरी कोयत्याच्या नावे जमा होत असल्याने स्त्रीची मजुरी स्वतंत्रपणे नोंदलीच जात नाही. जी मजुरी हिशेबात अस्तित्वातच नाही ती पुरुषाच्या मजुरीपेक्षा कमी आहे, असे सिद्ध तरी कसे करणार? नियमाचा भंग होण्याआधीच त्याचा विषय नाहीसा होतो.

व्यापाराच्या क्षेत्रातील प्रमाणकांशी तुलना केल्यास ही विसंगती अधिक ठळक होते. 1996 मध्ये सिंगापूर येथील जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेत श्रम-मानके व्यापाराशी जोडावीत काय, यावर मोठा वाद झाला. भारतासह अनेक विकसनशील देशांनी अशा 'सामाजिक कलमा'ला विरोध केला. श्रीमंत देश श्रम-मानकांचा उपयोग आपल्या बाजारपेठेच्या संरक्षणासाठी करतील, ही भीती निराधार नव्हती. अखेर श्रम-मानकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनाच सक्षम संस्था असल्याचे जाहीरनाम्यात नमूद झाले. दुसरीकडे, 2019 मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील व ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर-अनुदानांविरुद्ध तक्रार केली. उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा बारकाईने हिशेब होऊन डिसेंबर 2021 मध्ये पॅनेलचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले आणि अपील मंडळच 2019 पासून ठप्प असल्याने प्रश्न लोंबकळत राहिला. निकालाची अंमलबजावणी झाली नाही हे खरे. पण उसाचा दर हा आंतरराष्ट्रीय वादाचा विषय होऊ शकला. महाराष्ट्रात त्याच दरातून वजा होणारी तोडणीची मजुरी मात्र त्या चर्चेत कोठेही आली नाही.

5. रुजलेली प्रमाणके : सहकार आणि रोजगार हमी

बाहेरचे प्रमाणक महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रुजतच नाही, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे चुकीचे ठरेल. सहकाराचे तत्त्व 1844 मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथील कामगारांनी रूढ केले. 1904 च्या कायद्याने ते भारतात आले आणि साखर कारखान्यांच्या रूपाने महाराष्ट्रात असे मुरले की त्याचे परकीयत्व आज कोणालाही जाणवत नाही. आचार्य यांच्या स्थानिकीकरणाच्या सिद्धांताला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र या स्थानिकीकरणात सभासदत्वाची रेषा उसाच्या बांधावर आखली गेली. ऊस पिकविणारा सभासद झाला. ऊस तोडणारा त्या नात्याने कारखान्याचा सभासदही झाला नाही आणि बहुधा कामगारही मानला गेला नाही. रॉचडेलमध्ये श्रमिकांनी श्रमिकांसाठी स्वीकारलेले तत्त्व प्रवरा-कृष्णेच्या खोऱ्यात भूधारकांचे तत्त्व झाले. स्थानिकीकरण म्हणजे केवळ संस्कृतीशी जुळवणूक नव्हे. ती जुळवणूक कोणाच्या हाती होती, हा प्रश्न आचार्य यांच्या मांडणीत पुरेसा येत नाही.

रोजगार हमीचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. दुष्काळाच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली योजना 1977 च्या कायद्याने महाराष्ट्रात हक्क बनली आणि 2005 मध्ये तिच्या धर्तीवर राष्ट्रीय कायदा झाला. येथे प्रमाणक खालून वर गेले. त्याला यश मिळण्याचे एक कारण असे की, काम मागणाऱ्याला काम मागितल्याबद्दल काही गमवावे लागत नव्हते.

6. 2019 आणि 2024 : बूमरँग कोठे पोहोचले?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला. 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत जिल्ह्यातील 99 खासगी रुग्णालयांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामाचा भाग म्हणून जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची, म्हणजे सुमारे 17 टक्के स्त्रियांची, शस्त्रक्रिया झालेली होती. वयोगट अगदी समान नसले तरी 15 ते 49 वयातील स्त्रियांमध्ये हे राष्ट्रीय प्रमाण 2015-16 च्या सर्वेक्षणात सुमारे तीन टक्के होते, हे लक्षात घेतले पाहिजे. या शस्त्रक्रियांचे कारण एकच नाही. तळावर पाणी व शौचालयाचा अभाव, त्यातून होणारे संसर्ग, काही खासगी डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती आणि खाड्याचा दंड अशी ती साखळी आहे. पण 'पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही' हे कारण त्या साखळीत सतत येते. करारातील एक संकेत स्त्रीच्या शरीरापर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण होय.

मार्च 2024 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्स व फुलर प्रोजेक्ट यांनी याच प्रश्नावर दीर्घ शोधवृत्तांत प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील साखर जागतिक शीतपेय कंपन्यांपर्यंत पोहोचते हे त्यात दाखविले होते. केक-सिकिंक यांच्या बूमरँगची ही जवळजवळ पाठ्यपुस्तकी मांडणी होती. 2011 ची संयुक्त राष्ट्रांची व्यवसाय व मानवी हक्कविषयक मार्गदर्शक तत्त्वे, तसेच उसासाठी तयार झालेली बॉन्सुक्रो ही प्रमाणपत्र-व्यवस्था या दबावाला आधार देण्यास उपलब्ध होत्या. परंतु दबावाचा मार्ग पाहिला असता तो कंपनीकडून पुरवठादाराकडे, पुरवठादाराकडून कारखान्याकडे आला आणि 'तोडणी मजूर मुकादमाचे आहेत, कारखान्याचे नाहीत' या परिचित उत्तरापाशी अडखळला. प्रमाणपत्र कारखान्याला मिळते. मुकादमाच्या वहीला कोणी प्रमाणपत्र देत नाही.

याचा अर्थ काहीच बदलले नाही, असा नव्हे. संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृह योजना 2021 मध्ये सुरू झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे कार्यालय 2022 मध्ये पुण्यात उघडले. जानेवारी 2024 मध्ये संघटनांशी झालेल्या वाटाघाटींत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. दरवाढ हा कोयताबंद आंदोलनांच्या जुन्या परंपरेचा परिणाम आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र दर वाढला तरी एकक कोयताच राहिले आणि मार्ग उचलीचाच राहिला.

7. चिकित्सा : ऋण आणि इमान

या टप्प्यावर सिद्धांताची मूळ अडचण स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय प्रमाणक जिला कर्जवेठ म्हणते, तिला गावात इमान म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1956 च्या पूरक कराराने कर्जवेठीची व्याख्या करताना दोन कसोट्या सांगितल्या आहेत : दिलेल्या श्रमाचे वाजवी मूल्य कर्जफेडीत धरले जात नसणे, किंवा सेवेचा काळ व स्वरूप निश्चित नसणे. तोडलेल्या टनांचा हिशेब मुकादमाच्या हाती असतो, बाकी राहिली तर पुढील हंगामावर ओढली जाते. या कसोट्यांना अनेक कोयत्यांचा व्यवहार उतरेल. 1976 च्या कायद्यानुसार असे कर्ज रद्दबातल ठरते. पण 'माझी उचल बेकायदेशीर आहे, ती मी फेडणार नाही' असे म्हणण्यास मजूर सहसा धजत नाही. उचल बुडविणारा माणूस शब्दाचा खोटा ठरतो, पुढच्या वर्षी त्याला कोणी उचल देत नाही आणि भावकीत त्याची पत जाते. येथे दोन प्रमाणके समोरासमोर उभी आहेत. मजूर ज्याचे पालन करतो त्यात त्याची फसवणूक झालेली असेल, पण ते नीतिशून्य नाही. घेतलेले परत करावे, हा कोणत्याही समाजाचा आदरणीय संकेत आहे. त्याच संकेताचा आधार घेऊन शोषण चालते, ही या व्यवहारातील खरी गुंतागुंत होय.

मुकादमाकडे केवळ खलपुरुष म्हणून पाहण्यानेही आकलन अपुरे राहते. तो बहुधा त्याच पंचक्रोशीतला, कधी त्याच भावकीतला असतो; कारखान्याच्या रकमेला तो स्वतः जबाबदार असतो आणि टोळी पळाली तर तो बुडतो. त्यातून दमदाटी, डांबून ठेवणे असे प्रकार घडतात. त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु जोखीम सर्वांत वरून सर्वांत खाली ढकलण्याची ही रचना आहे आणि मुकादम तिच्यातील एक कडी आहे.

यावरून असे म्हणता येते की प्रमाणक टिकणे वा मोडणे हे त्याच्या नैतिक बळावर किंवा त्याला मिळालेल्या स्वाक्षऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसते, तर ते मोडण्याची किंमत कोणाला चुकवावी लागते यावर अवलंबून असते. भारताने सक्तीच्या श्रमाच्या कराराचे पालन केले नाही तर जिनिव्हात प्रश्न विचारले जातात, तज्ज्ञ समिती निरीक्षण नोंदविते. कारखान्याने दुर्लक्ष केले तर फार तर प्रमाणपत्र अडते. मजुराने मात्र उचलीचा संकेत मोडला तर पावसाळ्यात चूल पेटत नाही. सर्वांत कठोर शिक्षा ज्या प्रमाणकामागे आहे तेच पाळले जाते आणि ती शिक्षा सर्वांत दुर्बळ घटकाला भोगावी लागते.

या निष्कर्षावर एक आक्षेप संभवतो. आर्थिक स्थिती बदलली की प्रमाणके आपोआप बदलतील, असा याचा अर्थ होत नाही काय? तसे मानणे पुन्हा एकांगी ठरेल. एखाद्या घरात उचल घेण्याची गरज संपली तरी मुलीच्या विवाहाचे वय लगेच वाढेलच असे नाही. प्रतिष्ठा, जात, हुंडा आणि असुरक्षिततेची भावना यांना स्वतःची गती असते. म्हणून आर्थिक व्यवहाराची पुनर्रचना ही प्रमाणक-बदलाची पुरेशी अट नव्हे. ती आवश्यक अट आहे, एवढेच येथे सुचवायचे आहे. 1996 मध्ये भारताने घेतलेल्या भूमिकेचे मूल्यमापनही याच दृष्टीने व्हावयास हवे. बाह्य दबावाला विरोध करताना 'हे आमचे आम्ही पाहू' असे राष्ट्र म्हणते, तेव्हा ते एक वचन देत असते. त्या वचनाची परीक्षा फडात होते.

8. समारोप

प्रमाणके समाज घडवितात आणि राज्यांचे परस्परसंबंधही घडवितात, हे रचनावादी अभ्यासकांचे प्रतिपादन मान्य करण्याजोगे आहे. परंतु जिनिव्हा ते आष्टी या प्रवासात प्रमाणकाला अनेक दलाल, करार आणि वह्या यांच्यामधून जावे लागते. प्रत्येक टप्प्यावर ते थोडे क्षीण होते. कारण प्रत्येक टप्प्यावर जबाबदारी पुढच्यावर ढकलण्याची सोय असते. कोयत्याऐवजी व्यक्तीच्या नावे, स्त्रीच्या नावे स्वतंत्र मजुरी नोंदविणे. टनांचा हिशेब मजुराच्या हाती लेखी देणे. उचलीला पर्याय ठरेल असे बिनजोखमीचे कर्ज पावसाळ्यापूर्वी उपलब्ध करणे आणि तोडणी मजुराचा मालक कोण, याचे कायद्यात निःसंदिग्ध उत्तर देणे, या उपायांना त्यामुळे केवळ कल्याणकारी महत्त्व नाही. त्यांच्याशिवाय समान वेतन, सक्तीच्या श्रमाचा निषेध, बालविवाहबंदी ही मान्य झालेली प्रमाणके फडापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

अभ्यासाच्या पातळीवरही काही कर्तव्य उरते. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यापन परराष्ट्र धोरण, शिखर परिषदा व करारांच्या तारखा यांपुरते मर्यादित राहते तेव्हा विद्यार्थ्यांना हा विषय आपल्यापासून दूरचा वाटतो. दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या घरांतील मुले-मुली ज्या महाविद्यालयांत शिकतात, तेथे या विषयाची सामग्री वर्गातच बसलेली असते. एखाद्या कराराला मान्यता कोणत्या वर्षी मिळाली, या प्रश्नाबरोबर त्या कराराचे आपल्या घरच्या हिशेबात काय झाले, हा प्रश्नही अभ्यासक्रमात आला, तर प्रमाणक-सिद्धांताच्या अपुऱ्या राहिलेल्या भागाची पूर्तता याच परिसरातून होऊ शकेल.